आधी दवाखाना, मग पॉलिसी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते. अशा व्यासपीठावर मेडिक्लेमसारखा रुक्ष विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण गुरुजींच्या पिढीतली जी माणसं आज आपल्यात आहेत, त्यांच्या घरात संध्याकाळी कशावर बोलणं होतं? शुगर, बीपी, गुडघे, मोतीबिंदू. आणि मागोमाग येणारा प्रश्न : पैसे कुठून उभे करायचे? ज्या प्रश्नाने घराची झोप उडते, तो प्रश्न व्याख्यानमालेत यायलाच हवा.

माझी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात झाली. पॉलिसी विकताना किती छान दिसते ते एजंट तुम्हाला सांगतोच. तीच पॉलिसी दाव्याच्या टेबलावर कशी दिसते, ते मी सांगणार आहे. चार मुद्दे घेतो. पहिला, सरकारकडून आधीच काय मिळतं. दुसरा, खासगी पॉलिसीचे प्रकार. तिसरा, त्यांतल्या अटी. आणि चौथा, फॉर्म भरण्यापासून क्लेम पास होण्यापर्यंतची वाट.

पण त्याआधी एक प्रश्न. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर तुम्ही कुठे जाणार?

शहापूरचा माणूस आधी उपजिल्हा रुग्णालय गाठेल, मग महामार्गाने ठाण्याकडे निघेल. कसारा-खर्डीकडचा एखादा नाशिकची वाट धरेल. मुरबाडचा कल्याण नाहीतर उल्हासनगर गाठेल. मुरबाडला अजून रेल्वे नाही, म्हणजे १०८ ची गाडी किंवा शेजाऱ्याची जीप. डोळखांबच्या वाडीवरच्या म्हातारीला तर आधी डांबरी रस्ता गाठायचा आहे. हे मी का विचारतोय? कारण पॉलिसी निवडताना आपण कंपनीचं नाव विचारतो, हप्ता विचारतो, किती लाखांची आहे ते विचारतो. आपण जाणार ते रुग्णालय त्या पॉलिसीत बसतं का, हे कोणी विचारत नाही. आजच्या भाषणातून एवढंच घेऊन गेलात तरी चालेल : आधी दवाखाना ठरवा, मग पॉलिसी ठरवा.

आता पहिला मुद्दा.

खासगी विम्याबद्दल बोलायला आलेला माणूस सरकारी योजनेपासून सुरुवात करतो, याचं नवल वाटून घेऊ नका. जे आपलं आहे ते आधी हातात घ्यावं, मग बाजारात जावं. २०१२ मध्ये राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ ची. आता दोन्ही एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि राज्याच्या योजनेत पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशन कार्ड चालतं. 'आमचं पांढरं आहे, आम्हाला काय मिळणार' असं म्हणत बसलेली घरं मी याच तालुक्यांत पाहिली आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट २९ ऑक्टोबर २०२४ ची. त्या दिवशी ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. सगळ्यांसाठी म्हणजे सगळ्यांसाठी. पेन्शन किती, जमीन किती, मुलगा काय करतो, काही विचारत नाहीत. आधार कार्डावर वय ७० दिसलं की झालं. ५ लाखांचं संरक्षण, आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला. खासगी मेडिक्लेम असलेल्यालाही हे कार्ड मिळतं. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. नवरा-बायको दोघे सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून.

मग खासगी पॉलिसी घ्यायचीच कशाला? बरोबर प्रश्न आहे. कारण सरकारी योजना तिच्या यादीतल्या रुग्णालयात आणि तिच्या यादीतल्या उपचारांनाच चालते. तुमचे नेहमीचे कल्याणचे डॉक्टर त्या यादीत नसतील, किंवा तुमचा उपचार पॅकेजमध्ये नसेल, तर कार्ड खिशातच राहतं. आणि ६० ते ७० या दहा वर्षांत वय वंदना नाही. ही जी फट राहते, तिच्यासाठी खासगी पॉलिसी. फट केवढी आहे हे कळल्याशिवाय ती बुजवायला किती पैसे घालायचे हे कसं कळणार?

दुसरा मुद्दा, प्रकारांचा.

आपल्याकडे सर्वसाधारण विमा १९७३ मध्ये सरकारी झाला. मेडिक्लेम नावाची पॉलिसी १९८६ ची, सरकारी कंपन्यांनी आणलेली. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, आणि आज बाजारात इतकी नावं आहेत की ऐकून माणूस गोंधळतो. नावं सोडून द्या. ज्येष्ठांच्या कामाचे प्रकार मोजकेच आहेत.

एक, स्वतःच्या नावाची वैयक्तिक पॉलिसी, किंवा खास ज्येष्ठांसाठीची. दोन, फ्लोटर, म्हणजे एकच रक्कम सगळ्या घरासाठी. मुलं प्रेमाने म्हणतात, 'बाबा, तुम्हालाही आमच्याच पॉलिसीत घेतो.' घेऊ नये. फ्लोटरचा हप्ता साधारणपणे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. बाबांच्या वयाने सुनेचा आणि नातवाचाही हप्ता चढतो, आणि बाबांच्या एका आजारपणात सगळ्यांची रक्कम संपते. आईवडिलांची पॉलिसी वेगळी असावी.

तीन, मुलाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी. कसारा लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या कितीतरी मुलांच्या आईवडिलांना हिचा आधार आहे. चांगली असते. बऱ्याचदा जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. पण नोकरी सुटली की पॉलिसी सुटली, आणि तेव्हा वडील ६८ चे झालेले असतात. अशा वेळी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि भरलेली वर्षं धरली जातात. नोकरी सोडण्याआधी कंपनीच्या एचआरला हे विचारायला मुलांना सांगा.

चार, सुपर टॉप-अप. हा प्रकार आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, आणि काहींना तोच सर्वांत सोयीचा आहे. यात एक उंबरठा ठरतो, समजा ५ लाख. वर्षभरातला दवाखान्याचा खर्च ५ लाखांपर्यंत गेला तर तो तुमचा. वर गेला की कंपनीचा. हप्ता साध्या पॉलिसीपेक्षा बराच कमी. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यात जमिनी गेल्या, काहींच्या खात्यात मोबदला आला. मोबदल्यामागोमाग एजंट आले. 'काका, यात पैसेही वाढतील आणि मेडिकलपण आहे' म्हणून आयुर्विम्याच्या बचत पॉलिसी गळ्यात बांधल्या गेल्या. काका, दवाखान्याचं बिल त्या पॉलिसीतून निघणार आहे का, हे लेखी मागा. ज्याच्याकडे असा पैसा आहे, त्याने ५ लाख बँकेत दवाखान्याच्या नावाने बाजूला ठेवावेत आणि वर सुपर टॉप-अप घ्यावा. मात्र सरकारी योजनेचे ५ लाख आणि सुपर टॉप-अप एकाच बिलात जोडता येतील, असं धरून चालू नका. तसं लेखी मिळालं तरच माना.

आणि पाचवी, आरोग्य संजीवनी. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी, सगळीकडे सारख्याच अटींची पॉलिसी. फार मोठी नाही. पण दुसरी कोणतीही पॉलिसी स्वस्त की महाग, सैल की आवळ, हे तिच्याशेजारी ठेवून पाहता येतं.

वयाबद्दलही थोडं सांगतो. पूर्वी ६५ नंतर नवी पॉलिसी मिळायची मारामार होती. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सर्व वयांसाठी पॉलिसी आणायला कंपन्यांना सांगितलं. पण दार उघडलं म्हणजे आत घेतलंच असं होत नाही. तब्येत पाहून कंपनी आजही नाही म्हणू शकते, किंवा हप्ता चढवू शकते. म्हणून ५५-५८ ला, अंगात ताकद असताना घेतलेली पॉलिसी शहाणपणाची. एकदा घेतलेली पॉलिसी, तुम्ही क्लेम केला एवढ्या कारणावरून, नूतनीकरणाला नाकारता येत नाही. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी प्राधिकरणाशी बोलावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तुमच्या पावतीवर तो अजून दिसत असेल तर विचारा.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे.

भाताचं बियाणं घेताना पिशवीवरच्या हिरव्यागार चित्राकडे बघून तुम्ही पैसे देता का? वाण बघता, मुदत बघता, तारीख बघता. पॉलिसीत असं बघायचं काय? चार ओळी. प्रतीक्षा कालावधी, को-पे, खोलीभाड्याची मर्यादा आणि आजारावरची मर्यादा. आता प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं. या चारही ओळी त्यात सापडतात.

प्रतीक्षा म्हणजे हप्ता भरूनही अमुक दिवस त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. पहिले ३० दिवस, अपघात सोडून, काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, गुडघे बदलणं, अशा ठरावीक गोष्टींना आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्वी ४८ होते, २०२४ मध्ये कमी केले. म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या दिवाळीत करायचं म्हणून या दिवाळीत पॉलिसी घेतली, तर ती त्या गुडघ्यांच्या बहुतेक कामाची नाही.

को-पे म्हणजे बिलातला तुमचा वाटा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो बऱ्याचदा असतो. आणि एक को-पे लपलेला असतो, आपल्या तालुक्यांना तोच नडतो. काही कंपन्या देशाचे झोन पाडतात. मुंबई-ठाण्याचा हप्ता जास्त, लहान गावांचा कमी. गावाच्या पत्त्यावर स्वस्तात पॉलिसी मिळाली म्हणून आपण खूश होतो. पण मोठ्या आजाराला आपण जातो कुठे? ठाण्याला, मुंबईला. तिथे महागड्या झोनमध्ये उपचार घेतले म्हणून बिलातून जादा टक्के कापले जातात. म्हणून मी मघाशी रात्री दोन वाजताची गोष्ट विचारली. एजंटाला एवढंच विचारा : 'या पॉलिसीवर ठाण्यात ॲडमिट झालो तर काही कापणार का?'

खोलीभाडं. हे नुसतं सांगून कळत नाही, हिशेब मांडू. मनातला हिशेब आहे, पण टेबलावर असाच होतो. विमा ३ लाखांचा. खोलीची मर्यादा १ टक्का, दिवसाला ३,००० रुपये. कल्याणला गेलात, खोली मिळाली ६,००० ची. पाच दिवस राहिलात, भाडं ३०,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,२०,०००. औषधं आणि इम्प्लांट ५०,०००. एकूण बिल २ लाख. विमा ३ लाखांचा, म्हणजे सगळं मिळेल?

नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली, म्हणून भाड्याचे निम्मेच मिळणार, १५,०००. इथपर्यंत पटतं. पण सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग याचेही निम्मेच, ६०,०००. कारण रुग्णालयात या गोष्टींचे दर खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात, असं पॉलिसी धरते. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही, ते पूर्ण ५०,०००. झाले १,२५,०००. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे २५,००० गेले. हातात आला १ लाख. हातमोजे-मास्कसारख्या वस्तूंची कपात मी धरलेलीच नाही. पेशंटजवळ बसायला ऐसपैस जागा हवी म्हणून मुलाने चांगल्या मनाने मोठी खोली घेतली. त्या एका सहीने बिल दुभंगलं.

चौथी ओळ, आजारावरची मर्यादा. आरोग्य संजीवनीचंच पाहा. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. रुग्णवाहिकेला एका वेळी २,००० रुपये. डोळखांबहून किंवा माळशेजच्या पायथ्याहून ठाण्यापर्यंत खासगी गाडीवाला किती घेतो, हे तुम्ही मला सांगा.

आणि जे कोणत्याच ओळीत नसतं तेही लक्षात ठेवा. रोजची शुगरची गोळी, महिन्याची तपासणी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र. म्हातारपणाचा रोजचा खर्च तर हाच. साधा मेडिक्लेम ॲडमिट झाल्यावरचा खर्च बघतो, रोजचा बघत नाही. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हाच खरा आधार आहे.

चौथा मुद्दा. फॉर्म आणि क्लेम.

दाव्याच्या टेबलावर मी जेवढे फेटाळलेले क्लेम पाहिले, त्यातल्या बऱ्याच जणांचं नशीब फॉर्म भरतानाच ठरलेलं होतं. फॉर्मवर आजारांची यादी असते. शुगर आहे का? बीपी आहे का? पूर्वी ऑपरेशन झालंय का? एजंट सगळीकडे 'नाही' वर टिक करतो आणि म्हणतो, 'आजी, इथे अंगठा द्या.' टिक एजंटाची, अंगठा आजीचा. कायद्याच्या नजरेत उत्तर कोणाचं? आजीचं. बीपीची गोळी चालू असेल तर लिहा. हप्ता थोडा वाढेल, ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागेल. लपवलं तर हप्ता भरत राहाल आणि गरज पडेल त्या दिवशी हात रिकामा. पॉलिसी हातात आली की ३० दिवस मिळतात, त्यात वाचून परत करता येते. पाच वर्षं सलग हप्ते भरले की पुढे माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र त्यातून सुटत नाही.

आणखी एक प्रसंग, कोणा एकाचा नाही, अनेक फाइलींत सारखा दिसलेला. रात्री पेशंटला कॅज्युअल्टीत आणलं. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, 'बीपी किती वर्षांपासून?' मुलगा घाबरलेला. म्हणतो, 'असेल दहा-बारा वर्षं.' डॉक्टर लिहितो. गोळी खरं तर दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते, पॉलिसी तीन वर्षांची. पण कागदावर 'दहा-बारा वर्षं' आलं, आणि कंपनी म्हणते, आजार आधीचा, तुम्ही लपवलात. मी खोटं बोलायला सांगत नाही. अंदाजाने बोलू नका, एवढंच सांगतो. जुनी चिठ्ठी, पहिला रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा, आणि ॲडमिट करताना ती पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा.

मग कॅशलेस. धसईकरांना हा शब्द मी समजावायला नको. डिसेंबर २०१६ मध्ये धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. पण दवाखान्यातलं कॅशलेस कार्ड घासण्याइतकं सोपं नसतं. रुग्णालय कंपनीला विनंती पाठवतं, कंपनी मंजुरी देते. २०२४ च्या नियमाप्रमाणे ही मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळचा निर्णय तीन तासांत यायला हवा. नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या रुग्णालयातही आता कॅशलेस मागता येतं, ठरवून ॲडमिट होताना ४८ तास आधी कळवावं लागतं. तालुक्याच्या लहान नर्सिंग होममध्ये जाताना मात्र एक पाहा : पॉलिसीत रुग्णालयाची व्याख्या असते. नोंदणी नसलेल्या, चार-सहा खाटांच्या ठिकाणचं बिल नंतर अडकू शकतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारून ठेवा, 'साहेब, तुमच्याकडचं मेडिक्लेमला चालतं ना?' चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. झालेली प्रतीक्षा वाया जात नाही. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय ठाण्यातच आहे. वकील लागत नाही, फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, आणि नकार मिळाल्यापासून एका वर्षात जायचं असतं.

मित्रहो, आवरतं घेतो. पण पॉलिसीच्या पलीकडचं एक बोलायला हवं. विमा दवाखान्याचं बिल भरतो, दवाखाना आणून देत नाही. टोकावड्यात १० लाखांची पॉलिसी असलेल्या माणसाला आयसीयू हवा असेल, तर त्याला कल्याणपर्यंत जगत जावं लागतं. तानसा आणि भातसाचं पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईला जातं, आणि आपला आजारी माणूसही त्याच वाटेने शहराकडे जातो. खासगी विमा घेतला म्हणून ग्रामसभेत उपजिल्हा रुग्णालयाबद्दल बोलायचं सोडू नका. आपल्या भागातली कोणती रुग्णालयं सरकारी योजनेच्या यादीत आहेत, तिथे योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसतो का, फिजिशियनची जागा भरली आहे का, हे विचारा आणि उत्तर पंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा. त्या फळ्यावरचं उत्तर बदललं, तर तुमच्या पॉलिसीचीही किंमत वाढेल.

इथे बसलेल्या तरुणांना एक काम देतो, हा रविवार पुरेल. घरात ७० वर्षांचं माणूस असेल तर आधी वय वंदना कार्ड काढा, एजंटाला नंतर बोलवा. मग रात्री दोन वाजता जिथे जाणार त्या दोन रुग्णालयांची नावं कागदावर लिहा, आणि ती सरकारी यादीत आहेत का, पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये आहेत का, फोन करून विचारा. मग कपाटातली पॉलिसी काढा आणि त्या चार ओळींवर पेनाने रेघ मारा. ज्यांनी आज पॉलिसी बरोबर आणली आहे त्यांनी थांबावं, सभा संपल्यावर आपण बसून त्या वाचू.